न जमलेलं मेपल बटर: पूर्व ओंटारिओतल्या एका शुगर शॅकचं प्रकरण

हे प्रकरण कॅनडातल्या पूर्व ओंटारिओमधल्या, लॅनार्क काउंटीतल्या एका छोट्या मेपल उत्पादक कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी अन्नतंत्रज्ञ आहे, ऑटावाला राहते आणि दर वसंतात या कुटुंबाच्या शुगर शॅकवर, म्हणजे मेपलचा रस आटवण्याच्या शेडवर, हाताखाली काम करायला जाते. पैसे घेत नाही. माझं लहानपण कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळाच्या आसपास गेलं. काहिलीतून उठणारी वाफ मला इथे पुन्हा भेटते, म्हणून जाते.

पार्श्वभूमी

आधी वस्तू नीट समजून घेऊ. मेपल बटर नावाला बटर आहे, लोण्याचा त्यात थेंबही नसतो. शुद्ध मेपल सिरप आणखी आटवायचं, हात न लावता झपाट्याने गार करायचं आणि मग ते मऊ, अपारदर्शक, पावावर सुरीने पसरेल असं होईपर्यंत घोटत राहायचं. क्वेबेकमध्ये त्याला फ्रेंचमध्ये ‘ब्यर देराब्ल’ म्हणतात, सीमेपलीकडे व्हरमाँटमध्ये मेपल क्रीम. घटक एकच, त्यामुळे चूक झाकायला दुसरं काही हाताशी नसतं.

मेपलच्या रसात साखर साधारण दोन टक्के. एक लिटर सिरपला चाळीसेक लिटर रस आटवावा लागतो आणि सिरपमध्ये साखर किमान ६६ टक्के भरते. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा वर, असे दिवस असतील तोवरच रस वाहतो. लॅनार्कमध्ये म्हणजे साधारण मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. ही भूमी अल्गोन्क्विन लोकांची. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूलनिवासी मेपलचा रस आटवून साखर करत आले आहेत. घोटून पोत बदलण्याची विद्याही त्यांच्याकडे होती.

हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी आणि चवीला नाजूक असतं. दिवस उबदार होत जातात तसा रसात जिवाणूंचा वावर वाढतो, सिरप गडद आणि चवीला दणकट होत जातं. कॅनडाच्या प्रतवारीत गोल्डन, अँबर, डार्क आणि व्हेरी डार्क असे चार रंग आहेत. ही प्रतवारी सिरपमधून किती प्रकाश आरपार जातो त्यावर ठरते. रंगाखाली आणखी एक बदल होत असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. या प्रकरणाचं मूळ तिथेच होतं.

कुटुंबात वडील, वय सत्तरीच्या आसपास, आणि त्यांची लेक. आटवण वडिलांकडे, बाटल्या, बरण्या, बाजार आणि हिशेब लेकीकडे. मार्चच्या मध्यावर त्यांनी गोल्डन सिरपचं थोडं मेपल बटर केलं. ते इतकं सुरेख झालं की शनिवारच्या शेतकरी बाजारात दुपारपर्यंत एक बरणी उरली नाही. तिथेच भेटवस्तूंच्या टोपल्या विकणाऱ्या एका दुकानाची मागणी आली: २५० ग्रॅमच्या २४० बरण्या, मे महिन्यातल्या मदर्स डेच्या आधी. लेकीने त्याच संध्याकाळी होकार कळवला.

अडचण

होकार दिला तेव्हा गोल्डन सिरपचं शेवटचं पिंप घाऊक खरेदीदाराकडे गेलेलं होतं. अँबर शिल्लक होतं, पण ते उन्हाळ्यातल्या बाटल्यांसाठी राखलेलं. घाणा घालायची वेळ आली तेव्हा भरपूर होतं ते एप्रिलचं डार्क. सिरप ते सिरप, असा विचार करून त्यांनी डार्क घेतलं.

बारा लिटरचा पहिला घाणा नेहमीप्रमाणे ११२ अंश सेल्सिअसपर्यंत आटवला, गार केला आणि घोटायच्या यंत्रात घातला. वर नरसाळं, खाली दातेरी चाकांचा पंप, सिरप खालून वर फिरत राहतं, असं ते साधं यंत्र. मार्चमध्ये त्याने आपलं काम वेळेत केलं होतं. आता दोन तास झाले तरी सिरप तसंच चकचकीत, घट्ट मधासारखं.

वडील म्हणाले, “कच्चं राहिलं. पुढचं दोन अंश वर ने.”

दुसरा घाणा ११४ अंशांपर्यंत नेला. तो घट्ट झाला, पण चिवट. चमच्याला तार धरून लोंबायला लागला. बटर काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी दोन्ही घाणे एकत्र कोमट केले. मार्चच्या बटरचे दोन चमचे विरजणासारखे त्यात घातले आणि कोमट असतानाच घोटलं. या वेळी मात्र रंग फिकटला, मिश्रण आळलं. सुटकेचा श्वास टाकून लेकीने ९२ बरण्या भरल्या आणि शेडमधल्या फळीवर मांडल्या.

नवव्या दिवशी तिचा मला फोन आला. बरण्यांमध्ये वर बोटभर पातळ सिरप तरंगत होतं आणि खाली रवाळ, दाताखाली कचकचणारा थर बसला होता. एका बरणीत वरच्या सिरपवर बुरशीचा ठिपका होता. मदर्स डेला तीन आठवडेही उरले नव्हते.

निदान

मी पोचले त्या दिवशी पाऊस होता. पहिलं काम म्हणून थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. ९८.९. लेकीला वाटलं थर्मामीटर बिघडला. तो ठीक होता. हवेचा दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळतं आणि सिरपही. म्हणून या धंद्यात ‘११२ अंश’ असा आकडा भिंतीवर लिहून भागत नाही. त्या दिवशीच्या उकळत्या पाण्यापेक्षा किती अंश वर, हे पाहावं लागतं. मेपल बटरसाठी साधारण १२ ते १३ अंश वर. त्यांचा मार्चचा घाणा निरभ्र, चढत्या दाबाच्या दिवशी झाला होता, तेव्हा ११२ बरोबर बसलं. पावसाळी हवेत तेच ११२ म्हणजे एक अंशाहून जास्त आटवण. गार केलेल्या पाकाच्या घट्टपणात हा फरक चांगलाच जाणवतो.

पण दोन तास घोटूनही न जमण्याचं कारण एवढंच नव्हतं, हे मला गुऱ्हाळाच्या आठवणीने सांगितलं. आमच्याकडचा गुळव्या तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस चरकात घालू द्यायचा नाही. शिळ्या उसाचा गूळ जमत नाही, चिकट राहतो, ढेप धरत नाही. त्यामागचं रसायन मी पुढे कॉलेजात शिकले. उसातली आणि मेपलमधली मुख्य साखर एकच, सुक्रोज. जिवाणू आणि विकर सुक्रोजचे दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या मिश्रणाला इन्व्हर्ट साखर म्हणतात. ती सुक्रोजचे स्फटिक बनायला अडथळा करते. मेपल बटर म्हणजे अगदी बारीक, जिभेला न जाणवणाऱ्या सुक्रोजच्या स्फटिकांची लापशी. इन्व्हर्ट थोडी हवीच, तीच स्फटिकांना मोठं होऊ देत नाही. फार झाली तर स्फटिक बनतच नाहीत.

मोजायचं कशाने? वडिलांना मधुमेह आहे. त्यांचं साखर मोजायचं यंत्र स्वयंपाकघरात खिडकीपाशीच होतं. हे घरगुती ग्लुकोमीटर सिरपच्या कामी येतं, ही युक्ती उत्तर अमेरिकेतल्या मेपल उत्पादकांना आता चांगली माहीत आहे. दहा ग्रॅम सिरप, नव्वद ग्रॅम पाणी, नीट ढवळून एक थेंब पट्टीवर. यंत्र फक्त ग्लुकोज पकडतं. तितकंच फ्रुक्टोज धरून आणि पातळ केल्याचा हिशेब करून, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या आकड्याला ०.०२ ने गुणलं की इन्व्हर्ट साखरेची टक्केवारी अंदाजाने मिळते. यंत्र रक्तासाठी बनवलेलं, म्हणून प्रत्येक नमुना तीनदा मोजला.

अँबरचं पिंप: ७० च्या आगेमागे, म्हणजे १.४ टक्के. डार्कचं पिंप: २६० च्या आगेमागे, म्हणजे ५.२ टक्के. मेपल बटरला अर्धा ते दोन टक्के उत्तम. चारच्या वर गेलं की ते सिरप बटरसाठी बाजूला ठेवायचं.

वडील आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना लागलं ते मला दिसलं. पन्नास वर्षं सिरप आटवलेल्या माणसाला ‘तुमचा हात चुकला नाही, पिंप चुकलं’ हे सांगणं सोपं नसतं. त्यांच्या हातात दोष नव्हता हे मी दोनदा सांगितलं.

मग तिसरा घाणा आळला कसा? विरजण घातल्यामुळे. पण ते कोमट पाकात पडलं. गार, घट्ट पाकात घोटायला घेतलं की एकाच वेळी असंख्य स्फटिक जन्मतात आणि जागा नसल्यामुळे बारीकच राहतात. कोमट पाकात थोडे जन्मतात आणि निवांत मोठे होतात. तोच तो रवाळपणा. उरलेला पाक त्या रव्यांना धरून राहिला नाही, वर आला. त्या वरच्या पाकातली बरीच साखर स्फटिकांत अडकून गेलेली, म्हणून तो तुलनेने पातळ आणि म्हणूनच बुरशीला मोकळा. तेही थंडीत न ठेवता फळीवर.

पर्याय

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघांनी कागद घेतला.

आहेत त्या बरण्या ‘खाण्याआधी ढवळा’ अशी चिठ्ठी लावून द्याव्यात, हा लेकीचा पहिला विचार. मेपल बटर ठेवून ठेवून थोडं सुटतंच, ढवळल्यावर पुन्हा एकजीव होतं, आणि बरेच उत्पादक तशी सूचना छापतात. पण रवा ढवळून जात नाही आणि बुरशी दिसल्यावर हा पर्याय माझ्या लेखी संपला होता.

सगळं परत आटवून परत घोटावं? डार्क सिरप पुन्हा तापवलं की इन्व्हर्ट कमी होत नाही, झालीच तर थोडी वाढते, रंग आणखी गडद होतो. श्रम जातील, हाती तेच येईल.

वडिलांच्या एका मित्राने फोनवर कॉर्न सिरप घालायला सुचवलं. तो इलाज उलट्या दुखण्यावरचा आहे; मिठाईत स्फटिक बनू नयेत म्हणून ते घालतात. आणि ते घातलं की बरणीवर शुद्ध मेपल लिहिता येत नाही. यावर चर्चा झालीच नाही, वडिलांनी फोन ठेवून दिला.

शेजारच्या उत्पादकाकडून गोल्डन विकत घेणं शक्य होतं. पण दुकानाला सांगितलं होतं की हे आमच्या झाडांचं आहे. लेकीला ते पुसायचं नव्हतं.

राहिलं मिश्रण. अँबर १.४, डार्क ५.२. दोन टक्क्यांवर यायचं तर डार्क जेमतेम पंधरा टक्के घालता येतं. २४० बरण्या म्हणजे ६० किलो बटर, त्याला सांडलवंड धरून ६० लिटर सिरप: ५१ लिटर अँबर, ९ लिटर डार्क. खरी गाठ इथे होती. उन्हाळाभर रस्त्याकडेच्या टपरीवर विकायचं अँबर जवळजवळ सगळं या मागणीत जाणार होतं. बाटल्यांवर नफा कमी पण खात्रीचा. बटरवर जास्त, पण दुकान पुन्हा मागेल की नाही कोण जाणे.

मी मागणी निम्मी करून घ्यावी या मताची होते. लेक ऐकेना. शेवटी मधला मार्ग निघाला: दुकानाला खरं सांगायचं, १२० बरण्या मदर्स डेआधी, उरलेल्या दोन आठवड्यांनी. त्यामुळे पहिली खेप नीट जमली नाही तर उरलेलं अँबर तरी वाचणार होतं.

मध्येच निघालेली दुसरी गोष्ट

दुकानाला फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी सहज विचारलं, “नावात बटर आहे, दूध नाही ना यात?” लेक नाही म्हणाली. मीही तेच म्हटलं असतं. टोरांटोच्या मराठी ओळखीतही लोक मला हे विचारतात, कुणी व्हीगन म्हणून, कुणी उपवासाला चालेल का म्हणून, आणि मी बिनधास्त सांगत आले होते की यात फक्त झाडाचा रस आहे.

वडील कोपऱ्यातून म्हणाले, “मी कढईत लोण्याचा खडा टाकतो की.”

रस उकळताना फेस चढतो आणि ऊतू जायला लागतो. तो मोडायला चिमूटभर स्निग्ध पदार्थ टाकायची पद्धत जुनी आहे, अनेक घरांत ते लोणी असतं. प्रमाण नगण्य. पण दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसापुढे नगण्य हा शब्द चालत नाही. लेकीने लगेच परत फोन करून दुरुस्ती केली आणि त्या हंगामाच्या बरण्यांवर दुधाचा उल्लेख छापायचा ठरलं. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त धास्ती या गोष्टीची वाटते. रवाळ बटरने कुणाला इजा होत नाही.

काय केलं

मिश्रण मोजलं, ९८ आलं. हिशेबाने आलेल्या आकड्याच्या इतकं जवळ की वडिलांनी स्वतः पुन्हा पट्टी लावून पाहिलं.

आधी फक्त एक लिटरचा चाचणी घाणा. उकळत्या पाण्याचं तापमान सकाळी घेतलं, त्यावर १३ अंश. सिरप पुन्हा गाळलं, कारण आटवताना त्यातले क्षार खाली बसतात आणि ते जिभेला वाळूसारखे लागतात. मग उथळ परातीत ओतून परात बर्फात. शेडच्या उत्तरेला अजून बर्फाचा ढीग होता, तोच कामी आला. पाक दहा अंशांपर्यंत उतरेपर्यंत कुणी परातीला धक्कासुद्धा लावायचा नाही, कारण गार होताना हललं तरी रवा धरायला सुरुवात होते. कडेला चिकटलेले थेंब आधीच ओल्या फडक्याने पुसून घेतले. त्यातला एक वाळलेला कण आत पडला तर तोच नकोसं विरजण होतो.

घोटणं हाताने केलं, लाकडी उलथन्याने. पहिली वीस मिनिटं काही दिसत नाही, दंड भरून येतात. मग चकाकी जाते. पाकाचा रंग तांबूस काचेवरून दुधाळ तपकिरीकडे सरकतो आणि उलथन्याची रेघ मागे उभी राहते. लेक रडायच्या बेताला आली होती, आनंदाने. वडिलांनी बोटाने चाटलं आणि म्हणाले, “मार्चच्यापेक्षा चव चांगली आहे.” खरंच होती. मिश्रणातल्या डार्कने गोल्डनमध्ये नसलेला भरदारपणा आणला होता.

मोठे घाणे यंत्रावर झाले. प्रत्येक घाण्यातली एक बरणी बाजूला ठेवली, तारीख, तापमान आणि मीटरचा आकडा लिहून. भरलेल्या बरण्या थेट फ्रिजमध्ये.

निष्पत्ती

१२० बरण्या मदर्स डेच्या चार दिवस आधी पोचल्या, उरलेल्या ठरल्याप्रमाणे. दुकानाने उशीर मान्य केला आणि पुढच्या वर्षीची मागणी आधीच नोंदवली. उन्हाळ्यात टपरीवर अँबर नव्हतं. नेहमीची काही गिऱ्हाईकं डार्क घेऊन गेली, काही तशीच परतली. वर्षाच्या शेवटी लेकीने हिशेब मांडला तेव्हा एकूण कमाई आदल्या वर्षाइतकीच निघाली. मेहनत मात्र दीडपट.

जुन्या ९२ बरण्यांवर आमचा मतभेद झाला. मी सगळ्या फेकायला सांगितल्या. बुरशीची बरणी आणि तिच्या शेजारच्या त्यांनी फेकल्या, बाकीच्या पाण्यात विरघळवून, खळखळून उकळून घरच्या बीन्समध्ये वर्षभर वापरल्या. विकल्या नाहीत. मी अजूनही म्हणेन की फेकायला हव्या होत्या.

काय वेगळं करता आलं असतं

मागणीला होकार देण्याआधी पिंपं मोजायला हवी होती. पाच मिनिटांचं आणि एका पट्टीच्या खर्चाचं काम. ही युक्ती त्यांना माहीत नव्हती हे खरं, पण मला होती, आणि मार्चमध्ये तो पहिला घाणा मीच चाखला होता. तेव्हा मी ‘हे कुठल्या पिंपाचं’ एवढंच विचारलं असतं तरी पुरलं असतं.

पहिला घाणा फसल्यावर तापमान वाढवलं, दुसरा फसल्यावर विरजण, कोमटपणा आणि मिश्रण हे तिन्ही एकदम बदललं. त्यामुळे तिसरा आळला तेव्हा तो कशामुळे आळला हे कुणालाच कळलं नाही, आणि आळला म्हणजे जमला असं वाटलं. बारा लिटरऐवजी अर्ध्या लिटरवर हे प्रयोग केले असते तर नुकसान एका पातेल्याचं झालं असतं. भरलेल्या बरण्या दोन दिवस तरी फ्रिजमध्ये ठेवून, एक उघडून पाहायला हवी होती.

डार्क सिरप वाईट नव्हतं, हेही नोंदवायला हवं. पॅनकेकवर, बीन्समध्ये, भाजलेल्या पदार्थांत त्याला तोड नाही. त्याला चुकीच्या कामाला जुंपलं होतं.

पुढच्या मार्चमध्ये गेले तेव्हा प्रत्येक पिंपावर खडूने तारीख आणि मीटरचा आकडा होता. गोल्डनचं एक पिंप मागच्या भिंतीला, त्यावर मोठ्या अक्षरात ‘विकायचं नाही’. आटवणीच्या कढईशेजारी लोण्याच्या जागी सूर्यफुलाच्या तेलाची बाटली. एक गोष्ट अजून सुटलेली नाही: दुकानात या बरण्या उघड्या फळीवरच मांडतात, टोपलीत फ्रिज मावत नाही म्हणून. लेकीने झाकणावर ‘थंड जागी ठेवा’ ची चिठ्ठी आता दुप्पट मोठी केली आहे आणि दुकानाच्या मालकीणबाईंशी तिचं बोलणं चालू आहे.